सांध्यावरचा हात

महिन्याच्या पहिल्या तारखेला फ्लीट स्ट्रीटच्या तोंडाशी, पुस्तकवाल्याच्या खिडकीपुढे जी गर्दी जमायची, तिच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नसे, आणि उरलेल्यांतल्या बहुतेकांच्या खिशात मासिकापुरता शिलिंग नसे. पण चित्र बघायला कुणाच्या बापाचं काय जातं? पुस्तकवाला शहाणा होता. नव्या अंकातल्या कादंबरीचं चित्र तो काचेला आतून चिकटवून ठेवी आणि लोक त्या चित्रावरूनच गोष्ट लावत. कोळशाच्या गाडीवाल्याने एक सांगावं, मासळीवालीने ते खोडून काढावं, मध्येच एखाद्या कारकुनाने चष्मा पुसून तिसरंच काही ठरवावं. असा तो कथेचा फड दुपारपर्यंत रंगे.

मॉरविद प्रॉबर्ट त्या गर्दीच्या मागे उभी राही. काचेवरच्या चित्रातला चेहरा तिने कोरलेला असे, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. चित्राच्या एका कोपऱ्यात चित्रकाराची सही, दुसऱ्या कोपऱ्यात पेंडल यांच्या कारखान्याचं नाव. तिला त्याचं वाईट वाटत नसे. चॅपलमधल्या बाकांवर तरी सुताराचं नाव कुठे असतं? लोक त्यावर बसून देवाचं नाव घेतात, तेवढं पुरे. तिला ऐकायचं असे ते एवढंच, की लाकडावर आपण ठेवलेल्या रेघा लोकांच्या तोंडी जाऊन काय बोलतात.

त्या महिन्याच्या चित्रात फीबी नावाची पोरगी रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसून आपल्या बुटांकडे बघत होती. म्हाताऱ्या गिरणीवाल्याची ही मुलगी बापाचं न ऐकता नाटकमंडळीबरोबर निघून गेलेली. मासळीवाली बराच वेळ ते बघत राहिली आणि टोपली कमरेवर सावरत म्हणाली, "ही घरी जाणार बघा. बूट बघतीये म्हणजे रस्ता मोजतीये."

मॉरविद तिथून निघाली, पण ते वाक्य तिच्याबरोबर कारखान्याच्या जिन्यापर्यंत आलं. घर सोडून गेलेली एक मुलगी तिच्याही ओळखीची होती. तिची धाकटी बहीण, लाउरी. सहा वर्षं दोघींत शब्द नव्हता.

त्यांचा बाप ईवन प्रॉबर्ट वेल्समधून लंडनला आला तो हातात कोरणी आणि ओठांवर भजन घेऊन. चॅपलचा तो कारभारी, आणि पोटासाठी लाकडावर चित्रं कोरणारा. घट्ट, पिवळसर, हस्तिदंतासारखं गुळगुळीत लाकूड. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात देऊन चित्रकाराने पेन्सिलीने चित्र काढायचं आणि कोरणाऱ्याने रेघांमधली जागा कोरून काढायची. उरलेल्या रेघा छापात काळ्या उमटतात. बायको गेल्यावर ईवनने दोन्ही मुलींना समोरासमोर बसवून हेच शिकवलं. एकच टेबल, एकच दिवा, आणि दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा, म्हणजे उजेड एकवटून लाकडावर पडावा. कोरताना तो भजन म्हणे आणि मुलींच्या कोरण्या त्याच तालावर चालत. लोक म्हणत, ईवनच्या पोरींनी अर्धं अर्धं कोरलेलं चित्र बघून कुठे एकीचा हात थांबला आणि कुठे दुसरीचा लागला, हे देवालाच सांगता यावं.

मग लाउरीने पेनी साप्ताहिकाचं काम घेतलं. दरोडेखोर, विषप्रयोग, अंगणात पडलेले मुडदे. ईवनला ते सहन होईना. ज्या हाताने पवित्र ग्रंथातली चित्रं कोरली त्याच हाताने गळे कापायचे का, असं त्याने विचारलं. लाउरीची जीभ लहानपणापासून कोरणीहून धारदार. ती म्हणाली की पवित्र चित्रांतही मुडदे काही कमी नाहीत. राक्षसाचं मुंडकं हातात धरलेला दावीद बाबांनीच कोरला, आणि मानेतलं रक्त तर असं झकास उतरलं होतं की शेजारीण आठवडाभर जेवली नाही. म्हाताऱ्याला हसूही आलं असावं, पण ते त्याने गिळलं आणि दाराकडे बोट दाखवलं. लाउरीने बोचकं उचललं. मॉरविद कोरत राहिली. बहीण बाहेर पडल्यावर तिने उठून दार लावून घेतलं, इतकंच.

दोन वर्षांपूर्वी ईवन देवाघरी गेला. दफनाच्या दिवशी लाउरी फाटकापाशी उभी होती, काळी शाल, मान खाली. मॉरविदने तिला पाहिलं. चार पावलांवर होती. पण लोक होते, पाद्री होते, आणि पाय उचलावा म्हणेपर्यंत फाटकापाशी कुणी नव्हतं. तेव्हापासून रोज रात्री प्रार्थनेत ती बहिणीचं नाव घेई; पण देवाला नाव सांगणं वेगळं आणि बहिणीच्या दारावर टकटक करणं वेगळं.

पुढच्या अंकाच्या वेळी कादंबरीच्या लेखिकेने सगळ्यांना टांगून ठेवलं. प्रकरण लिहून झालं नव्हतं, आणि चित्र कोरायला दिवस लागतात म्हणून चित्र नेहमी आधी हवं. अखेर तिने चित्रकार लिंटॉटला तोंडी निरोप धाडला: फीबी घरी परत येते, संध्याकाळ, बर्फ, बाप दार उघडतो, तो तिला आत घेतो की नाही हे माझं अजून ठरायचं आहे, तेव्हा चित्राने आपल्या अकलेने ठरवू नये. लिंटॉट चरफडत बसला, पण चित्र त्याने काढलं ते काळजातून काढलं. एका बाजूला उंबऱ्यात दिवा घेतलेला म्हातारा. दुसऱ्या बाजूला पायरीखाली फीबी, आणि दोघांच्या मधोमध पुढे आलेला तिचा हात. ठोकळा शनिवारी दुपारी पेंडलच्या हातात ठेवून तो त्याच संध्याकाळच्या गाडीने स्कॉटलंडला सासुरवाडीला गेला.

बुधवारी छपाई. पेंडलने कपाळाला हात लावला. त्याचा चेहरे कोरणारा दुसरा माणूस घसा सुजून अंथरुणाला खिळलेला. म्हणजे पानभर चित्र एकट्या मॉरविदने करायचं, आणि ते तर होण्यासारखं नव्हतं. पण तेवढ्या रुंदीचं लाकूड एका झाडात मिळतच नाही. मोठा ठोकळा दोन तुकड्यांचाच असतो, मागून बोल्टने आवळलेला. पेंडलने बोल्ट काढले. म्हाताऱ्याचा अर्धा भाग त्याने मॉरविदपुढे ठेवला. दुसरा हातात घेऊन तो जरा घुटमळला आणि मग खाकरून म्हणाला की हा तो क्लार्कनवेलला तिच्या बहिणीकडे धाडतो आहे. तिच्या हाताला लागणारा दुसरा हात लंडनात त्याला माहीत नाही. त्यांनी भेटायची काही गरज नाही.

मॉरविद म्हणाली, कारखाना तुमचा, काम कुणाला द्यायचं ते तुम्ही बघा. असं म्हणून तिने नाक लाकडात घातलं. कान मात्र पेंडलचा माणूस जिना उतरून जाईपर्यंत त्याच्या पावलांमागे गेले.

अशा तुटक कामाचा एक नियम असतो आणि तो शिकाऊ पोरालाही पाठ असतो. सांध्यापाशी दोन्हीकडे बोटाच्या नखाएवढी पट्टी न कोरता सोडायची. तुकडे परत जोडले की मालक स्वतः बसतो आणि इकडची रेघ तिकडच्या रेघेला नेऊन भिडवतो. दोन माणसांच्या हातांत जी तफावत असते ती त्या पट्टीत मिटते.

रविवारी काम बंद. मॉरविद चॅपलला गेली. त्या सकाळी दक्षिण वेल्समधून आलेले एक म्हातारे उपदेशक उभे राहिले होते. आधी ते इतके हळू बोलले की मागच्या बाकावरचे लोक कानाला हात लावून बसले. विषय साधा: रानातल्या भटकंतीत लोकांनी देवासाठी तंबू शिवला, त्याचे पडदे वेगवेगळ्या घरांतल्या बायांनी विणले, आणि मग काठाला काठ लावून फासे आकड्यांत अडकवले. कुणाचा पडदा कुणाला ठाऊक नाही, पण फाशासमोर आकडा आला तो आलाच. बोलता बोलता म्हाताऱ्याच्या आवाजात वारा भरू लागला. शब्द लांबले, लांबता लांबता सुरावर चढले, आणि आता ते बोलत होते की गात होते हे कुणाला सांगता येईना. चॅपलमधले लोक याला म्हणत, शीड भरलं. एकदा शीड भरलं की नाव वल्हवावी लागत नाही. "काठ काठाला मिळू दे," म्हातारे गात होते, तीन पायऱ्या वर आणि एक खाली असा तो सूर, आणि सगळं चॅपल त्याच्याखाली आमेन, आमेन असं गुणगुणत होतं. मॉरविदच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. देवाचं नाव सुरात घेतलं की ते कानावाटे न जाता सरळ छातीत उतरतं. ज्याने अनुभवलं त्याला सांगायला नको, ज्याने नाही त्याला सांगून उपयोग नाही.

सोमवारी ती सूर घेऊनच कामाला बसली. म्हाताऱ्याची दाढी, दिव्याचा उजेड, चौकट, बर्फाने अर्धी झाकलेली पायरी. शेवटी राहिली ती फीबीची बोटं, कारण सांधा नेमका तिच्या मनगटातून जात होता. हात तिकडे, बोटं इकडे. वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठोकळा हळूहळू फिरत होता, तीन पायऱ्या वर, एक खाली. संध्याकाळी तिने भुसा फुंकून टाकला, तुकडा पेंडलच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेली.

मंगळवारी सकाळी ती आली तेव्हा कारखान्यात चिडीचूप होतं. पेंडलसमोर दोन्ही तुकडे होते. तो ओरडत नव्हता, म्हणजे फारच संतापलेला होता. त्याने तिला बोलावलं आणि तुकड्याच्या काठावरून बोट फिरवलं. पट्टी नव्हती. रेघा काठापर्यंत गेलेल्या. मग त्याने क्लार्कनवेलहून आलेला तुकडा तसाच फिरवून दाखवला. तिथेही पट्टी नव्हती.

"आज किती वर्षं इथे काम करताय, मिस प्रॉबर्ट?" पेंडल म्हणाला. "एकदा तरी पट्टी सोडायला चुकलात? मग आजच काय झालं? आणि हिला काय झालं? घरात सगळ्यांचीच मती एका दिवशी फिरते का तुमच्या?"

मॉरविदने त्या काठावरून स्वतःचं बोट फिरवलं. खोटं बोलायचं नाही आणि खरं तर तिलाच आत्ता कळत होतं. तिचा हात नेहमी काठापाशी थांबे तो पलीकडे परका माणूस असे म्हणून. या वेळी पलीकडे कोण आहे हे हाताला ठाऊक होतं, आणि तो थांबला नाही. तिला विचारलंसुद्धा नाही.

पेंडलने पुटपुटत बोल्ट आवळले, शाईचा बोळा फिरवला, पातळ चिनी कागद ठेवला आणि मागून घोटलं. कागद उचलला तसे शेजारचे दोघेतिघे उठून आले. बर्फ इकडून तिकडे अखंड गेलेला. पायरीची कड, भिंतीचे दगड, अंधाराच्या आडव्या रेघा, सगळं असं मिळालेलं, की सांधा कुठे आहे हे दाखवायला पेंडलला नखाने खूण करावी लागली. मग त्याचं नख हातावर येऊन थांबलं.

हात मात्र जमला नव्हता; दगड-बर्फात जाड रेघ खपते, कातडीवर नाही. मनगटापर्यंतच्या रेघा जाड, विरळ, बोटांच्या रेघा केसासारख्या आणि दाट. एखाद्या घोडेवाल्याच्या मनगटाला राणीची बोटं चिकटवावीत तसं दिसत होतं. आणि सगळं चित्र तर त्या हातावरच उभं.

दुरुस्तीची रीत होती. दोन्हीकडे भोक पाडायचं, त्यात लाकडाची खुंटी ठोकून बसवायची, तासून सपाट करायची आणि नव्याने कोरायचं. पण कोरलं की पेन्सिलीचं चित्र जातं. लिंटॉटचा तो हात आता जगात कुठेच नव्हता; मनगट एकीच्या डोळ्यांत, बोटं दुसरीच्या. लिंटॉट गावात नाही. पेंडल म्हणाला, तो स्वतः अंदाजाने काहीतरी बसवील, किंवा मग क्लार्कनवेलला माणूस पाठवून विचारील की मनगट कसं होतं.

"मी जाते," मॉरविद म्हणाली.

पेंडलने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि खुंट्यांसाठी लाकूड शोधायला उठला.

क्लार्कनवेलमध्ये घड्याळांच्या डब्या करणाऱ्याच्या दुकानावर लाउरीची खोली होती. जिन्यात तेलाचा आणि पितळेचा वास. दारापुढे मॉरविद उभी राहिली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत आलो आणि त्यातलं काहीच आता आठवत नाही. तिने दार वाजवलं.

लाउरी कोरणी हातात घेऊनच आली. डोळ्यांवर हिरवी झापड. ती तिने वर सारली, आणि बहिणीला बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग घाईघाईने मिटला.

"पेंडलनं पाठवलं?"

"तो माणूस पाठवत होता. मीच म्हटलं, जाते."

"काय बिघडलं?"

"पट्टी. तू पट्टी सोडली नाहीस."

लाउरी कानापर्यंत लाल झाली. "सोडणारच होते. हात गेला पुढे." आणि थांबून, जरा संशयाने, "आणि तू?"

"मीही नाही."

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. मग लाउरीच्या खांद्यांना गदगदा हसू फुटलं. पेंडलच्या कारखान्यातलं घड्याळ बंद पडलं असेल, असं ती म्हणाली. घड्याळ चालू आहे, पेंडल बंद पडलाय, मॉरविदने सांगितलं. मग हसत हसतच तिने बाकीचं सांगितलं: सगळं जुळलं, बर्फ, पायरी, भिंत. हात सोडून. तुझ्या रेघा जाड झाल्यात.

"जाड नाही तर काय?" लाउरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या कागदावर तुझ्या त्या केसाळ रेघा छापल्या तर शाईचा नुसता चिखल. माझा वाचक पेनी देतो, मॉरी, शिलिंग नाही देत. त्याला खुनी कोण आणि मेला कोण एवढं तरी दिसायला नको?"

मॉरी. ते नाव उच्चारणारं माणूस जगात हे एकच. मॉरविदचं हसू गेलं.

"लाउरी, मी दार लावलं होतं."

लाउरीने कोरणीचं टोक बोटाने पुसलं. "माहितीये," ती म्हणाली. "मी जिन्यातच उभी होते. कडी घालतेस का ते ऐकत. तू कडी घातली नाहीस."

"मग परत का नाही आलीस?"

"तू का नाही उघडलंस?"

सहा वर्षांच्या मध्ये एक कडी न घातलेलं दार उभं होतं, आणि दोघी दोन बाजूंनी त्याला कान लावून.

लाउरीने शाल घेतली. जाताना तिने एकदा मागे, टेबलाकडे पाहिलं. घोड्यावर बसलेला दरोडेखोर, अर्धा कोरलेला. उद्या सकाळी साप्ताहिकाचा माणूस न्यायला येणार आणि तो कुणासाठी थांबत नाही, हे तिने सहज सांगावं तसं सांगितलं आणि दार ओढून घेतलं. मॉरविदने ते ऐकलं.

कारखान्यात त्या शिरल्या तेव्हा सगळ्या माना वर झाल्या आणि पुन्हा खाली गेल्या. खुंट्या बसवून, तासून, वर पांढरा रंग देऊन पेंडल वाट बघत होता. दोन प्रॉबर्ट एका छताखाली, देव माझ्या छपराची काळजी घेवो, असं म्हणून तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

दोघी समोरासमोर बसल्या. मधे ठोकळा, आणि ठोकळ्याच्या मधोमध कोरं, गुळगुळीत लाकूड. भांडण लगेच सुरू झालं. लाउरी म्हणे, हात याचना करणारा होता. मॉरविद म्हणे, मुळीच नाही. याचना करणाऱ्याची बोटं उघडी असतात, ही बोटं अर्धी मिटलेली होती, काहीतरी धरायला निघालेली. मग मनगट आठव, लाउरीने तिला सांगितलं, आणि स्वतःच डोळे मिटून आपलं मनगट हवेत धरलं. ते खाली झुकलेलं होतं. तिने डोळे उघडले. मागणाऱ्याचं मनगट असं नसतं. मॉरविदने आपला पंजा तिच्या मनगटापुढे नेला, बोटं अर्धी मिटली, आणि दोघींना एकदमच दिसलं की लिंटॉटने काय काढलं होतं. फीबीचा हात बापाकडे जात नव्हताच. तो जात होता दाराच्या खिट्टीकडे. बाप आत घेवो न घेवो; लहानपणापासून खिट्टी कुठे आहे हे हाताला ठाऊक, तिथे हात आपला गेला होता.

लाउरीने पेन्सिलीने मनगट काढलं, मॉरविदने बोटं. मग कोरायला बसल्या. एकीने दोन रेघा कोराव्या, ठोकळा उशीवर फिरावा, दुसरीने पुढे न्यावं. लाउरीने रेघ बारीक केली, मॉरविदने जरा जाड. मधे कुठेतरी एक तिसरीच रेघ निघाली, दोघींची नसलेली आणि दोघींची असलेली.

काम रंगात आलं तशी लाउरी नकळत गुणगुणू लागली. तीन पायऱ्या वर, एक खाली.

मॉरविदची कोरणी थांबली. बाबांच्या भजनांपैकी हे नव्हतं. हे कुठल्याच पुस्तकातलं नव्हतं. परवा सकाळी, एका म्हाताऱ्याच्या गळ्यात, शीड भरल्यावर ते पहिल्यांदा जन्माला आलं होतं.

"हे कुठे ऐकलंस तू?"

लाउरीने मान वर केली नाही. "बाजूच्या गल्लीत," ती म्हणाली. "आतल्या लोकांच्या श्वासानं काचा घामेजतात म्हणून खिडकी जरा उघडी ठेवतात ना. तिथे उभी राहते मी. शीड भरलं की ऐकू येतं सगळं. दानाची थैली फिरायला लागली की निघते." मग जरासं हसून, "खिडकीतून थैली येत नाही, हा एक फायदा."

"दर रविवारी?"

"बाबा गेल्यापासून."

मॉरविद ठोकळ्यापासून मागे सरकली. वाकून राहिली असती तर डोळ्यांतलं पाणी लाकडावर पडलं असतं आणि पेन्सिलीखालचा पांढरा रंग विरघळला असता. काठ काठाला मिळू दे, म्हातारे गात होते, आणि भिंतीच्या आत एक बहीण रडत होती आणि भिंतीच्या बाहेर, थंडीत, दुसरी. दोघींनी तोच सूर घरी नेला, तोच सूर सोमवारी कोरणीला लागला, आणि दोन्ही हात काठ ओलांडून गेले. देव कुणाला जोडायचं म्हणतो तेव्हा तो चांगल्या गुणांचीच वाट बघत बसतो असं नाही. कधी कधी चूकही चालते त्याला.

दुपारी तीनच्या सुमारास पेंडलने पुन्हा शाई फिरवली. कागद उचलून तो खिडकीपाशी नेला आणि हातावरून नख फिरवून बघितलं. मग त्याने एवढंच विचारलं, की पुढच्या महिन्यातही लेखिकाबाई प्रकरण उशिरा देणार हे उघड आहे, तर अर्धा ठोकळा क्लार्कनवेलला धाडू की मिस लाउरी प्रॉबर्ट इथेच येऊन बसतील?

लाउरीने सरळ सांगितलं की ती साप्ताहिकाचं काम सोडणार नाही. तिला ते आवडतं. खुन्यांचे चेहरे कोरताना तिला कळतं की त्यांच्यात आणि आपल्यात किती थोड्या रेघांचा फरक आहे, आणि हे काही पाप नव्हे. हे ती पेंडलला सांगत होती, पण बघत होती बहिणीकडे. मॉरविदच्या मनात बाबांचं ते दाराकडे गेलेलं बोट येऊन गेलं. ती उठली, आणि लाउरीची शाल खुंटीवरून काढून तिच्या हातात दिली. "चल," ती म्हणाली. "सकाळी माणूस येणार ना तुझा?"

वाटेत तिने मनुकांचा पाव घेतला. दिवेलागणीला त्या क्लार्कनवेलच्या खोलीत पोचल्या. लाउरीने शेगडी पेटवली, चहा टाकला आणि टेबलाची एक बाजू मोकळी केली. दरोडेखोराच्या ठोकळ्याचे बोल्ट काढून तिने दोन तुकडे वेगळे केले. चॅपलच्या कारभाऱ्याच्या थोरल्या मुलीने आपल्या पुढ्यातला तुकडा उचलून दिव्याशी धरला.

"या माणसानं केलंय काय?"

"तीन खून. एक सराफ लुटलाय. पुढच्या आठवड्यात फाशी जातो."

"आणि घोडा?"

लाउरीने विचार केला. "घोडा निर्दोष आहे."

"मग घोडा मी करते," मॉरविद म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

लाउरीने पाण्याचा गोळा टेबलाच्या मधोमध सरकवला. दोघींच्या लाकडांवर उजेड सारखा पडला. थोडा वेळ नुसती कोरण्यांची कुरकुर ऐकू येत होती. मग लाउरी वाकून पलीकडे बघत म्हणाली, "जाड, मॉरी. अजून जाड. आणि पट्टी सोडू नकोस."